ढोरडॉक्टरची खरी वही

"पयले तो हात भायेर काढा, डॉक्टर! गायच्या पोटातला हात काढा आन मंग माझ्याकडं बघून सांगा. जाऊ का नको जाऊ?"

यमुनाबाई गोठ्याच्या दारात उभी राहून ओरडत होती आणि माझा डावा हात खांद्यापर्यंत तिच्या तांबड्या गायीच्या आत होता. अतिशयोक्ती या लेखात पुढे भरपूर येईल, पण हात खरोखरच तिथे होता. गायीची शेपटी यमुनाबाईच्या नवऱ्याने, काशिनाथने, बाजूला धरून ठेवली होती.

"कुठे जायचंय?" मी गायीच्या पाठीआडून विचारलं.

"ठान्याला! नळीतल्या पोरासाठी!"

काशिनाथच्या हातातून शेपटी सुटली आणि शेणासकट माझ्या तोंडावर बसली. यमुनाबाईचा आवाज असा, की तो समोरचा माळ ओलांडून धसईच्या बाजारात पोचला आणि तिथे भेंडीचा भाव दोन मिनिटं ठप्प झाला, असं मला नंतर तिघांनी सांगितलं. त्या तिघांतला एक मीच होतो, पण बाकीचे दोघे विश्वासू होते.

"जा की!" मी तोंड पुसत म्हणालो. "बिनधास्त जा. राहणार म्हणजे राहणार!"

हे वाक्य मी तोवर पंधरा वर्षं रोज बोलत आलो होतो, पण गायींच्या मालकांना. बाईमाणसाला दिलं ते पहिल्यांदाच. यमुनाबाई एकदम शांत झाली. पदराने तिने कपाळ टिपलं, म्हणाली, "बरं," आणि चहा टाकायला आत गेली. मला वाटलं, विषय संपला.

मी कोण, ते आधी सांगतो. सरकारी कागदावर मी पशुधन पर्यवेक्षक. नव्वदच्या दशकात शहापूर तालुक्यात, नंतर मुरबाडला. लोकांच्या तोंडी 'ढोरडॉक्टर'. खरे डॉक्टर तालुक्याला बसून सह्या करायचे, गावोगाव फटफटी हाणायचो मी. गायी-म्हशींना गाभण करणं हे माझं मुख्य काम. ते कसं करतात हे सोप्या भाषेत सांगतो. फराळ चालू असेल तर एक परिच्छेद सोडा.

चांगल्या वळूचं बीज काडीएवढ्या बारीक कांडीत भरलेलं असतं. अशा कांड्या एका मोठ्या किटलीत, द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवतात. तिथली थंडी अशी, की हिमालय त्यापुढे वीटभट्टी. गाय सकाळी माजावर आली तर संध्याकाळी जायचं, संध्याकाळी आली तर दुसऱ्या सकाळी. कांडी कोमट पाण्यात अर्धं मिनिट धरायची, लांब नळीत बसवायची, डावा हात आत घालून गर्भाशयाचं तोंड धरायचं आणि उजव्या हाताने बीज सोडायचं. सगळं अंधारातलं काम, बोटांना डोळे असावे लागतात. मग एकवीस दिवस वाट बघायची. एकवीस दिवसांनी गाय पुन्हा हंबरू लागली की ती 'उलटली', राहिलं नाही. गप्प राहिली तर आशा. तीन महिन्यांनी पुन्हा हात घालून गर्भ चाचपायचा आणि मालकाकडून नारळ घ्यायचा.

किटलीचं झाकण उघडलं की आतून पांढरं धुकं वर येतं आणि आपल्याच पायांवर सांडतं. किन्हवलीच्या बाजारात एकदा ते झाकण उडालं. धुकं असं दाटलं, की एसटीने भर दुपारी दिवे लावले आणि एक म्हातारी "माळशेज आला का रं?" विचारत खाली उतरली. ते धुकं मी हजारो वेळा बघितलं असेल, पण प्रत्येक वेळी मला वाटायचं, की आता यातून कुणीतरी चालत येईल.

गिऱ्हाइकंही तशीच. डोंगराकडच्या एका पाड्यावर बायका किटलीला ओवाळायच्या, आमच्या गायीचा नवरदेव आला म्हणून. किटलीला हळदकुंकू आणि मला साधं पाणीसुद्धा नाही. आटगावच्या एका गृहस्थाने वळूचा फोटो मागितला होता. "आमच्या घरात न बघता सोयरीक होत नाय," म्हणाला. मी त्याच्याच भिंतीवरच्या कॅलेंडरातला नंदी दाखवला. त्याने आधी हात जोडले, मग नीट बघितलं आणि म्हणाला, "घरानं चांगलं हाय. टाका."

मी तोंडाने किती फेकतो ते तुमच्या लक्षात आलंच असेल. पण वहीत कधी फेकलं नाही. सरकारी तक्ता वेगळा, तो वरच्यांना आवडेल तसा भरला जायचा. माझी स्वतःची दोनशे पानी वही होती. गाव, मालक, गायीचं वय, कितवी खेप, राहिली की उलटली, एवढंच त्यात. त्या बाबतीत मी मेल्यावरही खोटा ठरणार नाही. का लिहायचो, ते सांगता येत नाही. माणसाला कुठेतरी खरं बोलायला जागा लागते. काहींना देव असतो, मला वही होती.

तर यमुनाबाई. दोन हजार सालानंतरची गोष्ट, पाच-सहा वर्षं इकडेतिकडे. बाई बेचाळीस वर्षांची, लग्नाला तेवीस वर्षं झालेली. घरचं भात, नवरा मुरबाडच्या एका कारखान्यात कायम, त्यामुळे पैशाची अडचण नव्हती. अडचण होती गर्भाशयाच्या नळ्यांची. दोन्ही बंद. ते कळलं तेव्हा तिने पस्तिशी ओलांडली होती, कारण त्याआधीची वर्षं देव, भगत आणि काढे यांनी वाटून घेतली होती. मग सासूचं अंथरूण, दोन दिरांची लग्नं. स्वतःच्या पोटाकडे बघायला तिला बेचाळिसाव्या वर्षी सवड झाली.

आणि विचारायला माणूस कोण, तर मी! "तुमी येवढ्या गाई गाभन केल्यात. तुमाला नाय ठाव तर कोनाला?" अख्ख्या मुरबाड तालुक्याची अशी समजूत होती, की काचेच्या नळीतलं मूल आणि माझी किटली ही एकाच खात्याची कामं आहेत. मीही ती समजूत कधी खोडून काढली नाही. खातं जरा मोठं वाटायचं.

आठवड्याने काशिनाथ दवाखान्यात आला. हा माणूस दिवसाला आठ शब्द बोलायचा. त्यातले सात त्या दिवशी माझ्यावर खर्च केले. "डॉक्टर, तुमी संगट चला. तिला भरवसा हाय."

नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि "चला!" बाहेर पडलं. सवय.

ठाण्याच्या डॉक्टरीण बाई शांत होत्या. त्यांनी आधीचे सगळे कागद वाचले, नवीन तपासण्या सांगितल्या, आणि पुढच्या खेपेला आम्हा तिघांना समोर बसवून कोऱ्या कागदावर चित्र काढलं. बंद नळ्यांचं फार अडत नाही, त्यांना वळसा घालता येतो, म्हणाल्या. अडतं ते वयाचं. बीजं थोडी उरली आहेत, आणि आहेत तीही थकलेली. रक्तदाब वर आहे, म्हणजे दिवस राहिले तरी जपावं लागेल. एखाद्या तरुण बाईचं बीज घेतलं तर आशा बरीच वाढते. स्वतःचंच हवं असेल तर कमी. "खूप कमी," त्या म्हणाल्या आणि पेन खाली ठेवलं. "मी हो म्हणणार नाही, नको म्हणणार नाही. तुम्ही ठरवा. पण वर्ष लावू नका. या वयात महिने मोजायचे असतात."

यमुनाबाईने माझ्याकडे बोट केलं. "पन हे तर बोलले, राहनार म्हंजे राहनार."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हे कोण?"

मी उठून उभा राहिलो. "मी याच लाइनीतला."

"कुठल्या हॉस्पिटलला?"

"सरकारी. फिरतं असतं आमचं."

"ढोरांचे डॉक्टर हायेत," काशिनाथ म्हणाला. खोटं बोलणं त्याच्या आठ शब्दांत बसत नसे.

बाई हसल्या असत्या तर मी वाचलो असतो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तुम्हाला चांगलं माहीत असेल, किती वेळा राहत नाही ते."

परतीच्या एसटीत यमुनाबाई खिडकीशी, मधे काशिनाथ, कडेला मी. म्हारळ मागे पडलं, रायता गेला, बाहेर उन्हं कलत होती आणि त्यात शेतं अशी पिवळी दिसत होती, की गाडी हळदीतून चालल्यासारखी वाटत होती. मुरबाड जवळ आलं. मग खिडकीबाहेर बघतच तिने विचारलं, "डॉक्टर, तुमच्या गाई किती राहतात? खरं."

मी बोलायला गेलो. जीभ नेहमीच्या रस्त्याला निघाली होती, 'शंभरातल्या नव्याण्णव' असं काहीतरी ओठांपर्यंत आलंही. पण ते बाहेर पडेना. "वही आहे माझ्याकडे," मी म्हणालो.

"मला वाचता येतं. सातवी पास हाय मी." मग थोड्या वेळाने, "आन तुमाला पोरं किती?"

याला माझ्याकडे तयार उत्तर होतं, दोन तालुक्यांत गाजलेलं. "मोजता येत नाहीत, यमुनाबाई! शहापूरपासून मुरबाडपर्यंत चरताहेत!"

यावर माणसं हमखास हसतात. ती हसली नाही. काशिनाथही नाही, पण तो कशालाच हसायचा नाही.

आम्हाला मूल नाही. मालतीच्या, म्हणजे आमच्या सौ.च्या, आणि माझ्या शहापूरला असताना एकदा तपासण्या झाल्या. रिपोर्ट माझ्या बाजूने बरा नव्हता. त्याच आठवड्यात मला हे चरणाऱ्या पोरांचं वाक्य सुचलं आणि विषय संपला. निदान माझ्यापुरता. कधीकधी काम आटोपून सरळगावच्या पुढे मी फटफटी थांबवायचो. काळू नदीवर सकाळची वाफ तरंगत असायची आणि मला दिसायचं, की माझ्या हातची सगळी वासरं पाण्यावर उतरली आहेत, तांबडी, बांडी, काळी, शेकड्याने. पाणी पीत आहेत, आणि एकही मान वर करून बघत नाही. मग वाफ विरायची. पलीकडे दोन बायका धुणं धूत असायच्या.

पुढच्या मंगळवारी यमुनाबाई आमच्या मुरबाडच्या क्वार्टरवर आली. काशिनाथची कारखान्यात पाळी होती, तो सुटल्यावर घ्यायला येणार होता. मी पंधरा वर्षांची वही तिच्यासमोर ठेवली. तिने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. मालती बाजूला सुपात भिजलेले वाल सोलत होती. ती सहसा बोलत नाही. घरातलं बोलणं मीच उरकतो.

मी समोर बसून बघत होतो. यमुनाबाईचं बोट खाली सरकायचं, म्हाताऱ्या गायीपाशी थांबायचं. "वय बारा. उलटली. उलटली. उलटली," ती पुटपुटायची. पान उलटायची. "वय चवदा. राहिली!" मग पुढची ओळ बघून, "तिसऱ्या म्हयन्यात गेलं." तोंडाने दिलेल्या माझ्या सगळ्या हमी तिच्या बोटाखाली एकेक करून विझत होत्या, आणि गंमत सांगतो, मला बरं वाटत होतं. पंधरा वर्षांत ती वही वाचणारी ती पहिलीच.

तेवढ्यात निरोप आला, म्हसा रस्त्याला एक म्हैस अडली आहे. मी गेलो. त्या म्हशीची कथा स्वतंत्र आहे, तिच्यात तीन पैलवान आणि एक नायलॉनचा दोर आहे, पण ती इथे सांगत नाही. परत आलो तेव्हा ऊन ओसरीच्या बाहेर गेलं होतं. वही मिटलेली. दोघी एकाच सुपातले वाल सोलत होत्या आणि खोली इतकी शांत होती, की सालं सुटल्याचा आवाज येत होता. त्या दोघींत काहीतरी बोलणं होऊन गेलं होतं, हे मलासुद्धा कळलं.

"वाचली सगळी," यमुनाबाई म्हणाली. "पन एक नाय लिवलंत, डॉक्टर."

"काय?"

"उलटलेल्या गाईंचं फुडं काय झालं?"

"तो रकाना नसतो. ते आमच्या खात्याचं काम नाही."

"मंग कोनाचं?"

त्यांचं काय झालं ते मला माहीत होतं. बऱ्याचशा म्हशाच्या जत्रेतल्या गुरांच्या बाजारात उभ्या राहिल्या होत्या, गळ्यात नवीन दोरी घालून. मी तिथे जायचो, त्या मला ओळखायच्या असं मला वाटायचं, आणि मी जिलबीच्या दुकानाकडे तोंड फिरवायचो. पण हे एका बाईला कसं सांगायचं?

"विकतात," मी म्हणालो. त्या खोलीत खोटं बोलायची सोयच उरली नव्हती.

"हां," ती म्हणाली. "मी काय गाय नाय, ते मला ठाव हाय. पन गावाला ठाव हाय का, ते बघावं लागंल."

काशिनाथ आला. दारात चपला काढत होता, एक पायात, एक हातात, तेवढ्यात तिने विचारलं. आम्हा सगळ्यांसमोर, तेवीस वर्षांच्या संसारात न विचारलेलं.

"अवो. जाऊन आलो आन उलटलं तर?"

काशिनाथने हातातल्या चपलेकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं, मालतीकडे बघितलं. या माणसाला इतका वेळ लागला, की मी मधे पडून काहीतरी जोरदार बोलणार होतो. मालतीने डोळ्यांनी मला खाली बसवलं.

"तर घरी येऊ," तो म्हणाला. "दुसरं कुठं जानार?"

यमुनाबाईने सूप बाजूला सारलं, उठली, पदर झटकला. "दुसरीचं बीज नको," ती म्हणाली. "कोनाला ते बरं वाटंल, मला नाय वाटनार. माझं हाय तेच बघू. एकदा. राहिलं नाय तर नाय. दुसऱ्यांदा मी जानार नाय, कोनी पाया पडला तरी नाय." मग मालतीकडे वळून, "वैनी, येते." मालतीने तिच्या ओंजळीत सोललेले वाल घातले. ओटी भरतात तसे, पण हळदकुंकू न लावता.

ठरलं ते असं. माझा सल्ला त्यात कुठे होता, हे मी बराच शोधून पाहिलं आहे.

सुया उपकेंद्रातल्या नर्सताईंनी दिल्या, रोज ठरल्या वेळेला. "ढोरडॉक्टर हायेत की घरचे," असं एका भावकीतल्या शहाण्याने सुचवलं. यमुनाबाईने त्याला जे उत्तर दिलं ते छापण्याजोगं नाही. धसईचा भाव या वेळी पाच मिनिटं थांबला. मग ठाण्याच्या खेपा झाल्या. तीन बीजं मिळाली, त्यातली दोन धरली. गणपती होऊन गेले होते, भात फुलोऱ्यात होतं, आणि एका सकाळी ती दोन गर्भ पोटात घेऊन गावात परत आली.

पुढचे चौदा दिवस वाट बघायची होती. गायीला एकवीस, बाईला चौदा. एवढा एक फरक मला माझ्या लाइनीतला म्हणून सांगता आला.

नवव्या दिवशी तांबडीला बघायच्या निमित्ताने मी तिकडे गेलो. खरं तर तांबडीला काही झालं नव्हतं. सकाळचं धुकं डोंगरावरून खाली उतरून खाचरांत बसलं होतं आणि फुललेल्या भाताचा तो ओला, दुधासारखा वास सगळ्या वाटेवर होता. यमुनाबाई ओटीवर भिंतीला पाठ टेकून बसली होती. मी अंगणातूनच हाक मारली, माझ्या नेहमीच्या आवाजात, ज्याने कावळे उडतात.

"हळू बोला, डॉक्टर," ती म्हणाली. इतक्या हलक्या आवाजात, की ओळखीचा वाटेना.

मी पायरीवर बसलो. तिने मला सांगितलं, की डॉक्टरीण बाईंनी पडद्यावर दाखवले. दोन ठिपके. "दवाचे थेंब असतात ना आळवाच्या पानावर, तसे. हालले तर सांडतील असं वाटतं. बाई बोलल्या, तसं काय नसतं, चाला, फिरा. पन मी हळूच चालते. भांडी पन हळूच ठेवते. काल मांजर पन हळूच हाकललं." तिने पोटावर हात ठेवला नव्हता. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून ती खाचरांकडे बघत होती, जणू ते दोघे तिथेच कुठेतरी खेळत आहेत आणि तिला फक्त लक्ष ठेवायचं आहे. "तेवीस वरसं मी या ओटीवर बसले, डॉक्टर. पन बसून काय बघायचं ते ठाव नव्हतं."

मी गप्प. हे दुर्मीळ दृश्य बघायला तांबडीनेसुद्धा गोठ्यातून मान बाहेर काढली.

"सांगा काय तरी," ती म्हणाली. "खोटं सांगा. पन बारीक आवाजात."

मग मी जन्मात पहिल्यांदा कुजबुजत थाप मारली. सांगितलं, की एकदा माळशेजच्या खाली माझी किटली दरीत पडली आणि सगळं धुकं सांडलं. ते खाचराखाचरांतून पसरलं, दोन तालुके त्यात बुडाले. नऊ महिन्यांनी ज्या गायी त्या धुक्यात चरल्या त्या सगळ्या व्याल्या, म्हाताऱ्यासुद्धा, विकून टाकलेल्यासुद्धा, बाजाराच्या वाटेवरून मागे फिरून. वासरं अशी पांढरी, की सकाळी दिसायची नाहीत. ती भातातून पळायची आणि एक लोंबी मोडायची नाही. फक्त दव सांडायचं, त्यावरून कळायचं, की इथून गेली.

ती पोट सांभाळत, तोंडावर पदर धरून हसली. आवाज न करता, खूप वेळ. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत होती. मी पुष्कळ थापा मारल्या, म्हशाच्या जत्रेत माझ्याभोवती रिंगण व्हायचं. पण त्या सकाळसारखी थाप मला पुन्हा कधी जमली नाही.

चौदाव्या दिवशी कल्याणला तपासायला रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काशिनाथ दवाखान्यात आला. आत आला नाही. बाहेर जांभळीखाली उकिडवा बसला. मी गेलो.

"उलटलं, डॉक्टर," तो म्हणाला.

माझ्याच धंद्यातला शब्द. मी तो हजारो वेळा लिहिला होता, आणि त्या दिवशी कळलं, की तो ऐकायला कसा लागतो. मग काशिनाथ उठला, चड्डीची धूळ झटकली आणि घरी गेला. दुसरं कुठं जाणार?

यमुनाबाई मला पंधरा दिवसांनी धसईच्या बाजारात भेटली. भाजीच्या ढिगामागे बसून तोंडली मोजत होती आणि एका गिऱ्हाइकाशी पूर्वीच्याच आवाजात भांडत होती. मी तोंड पाडून पुढे गेलो. डोक्यात मोठं भाषण तयार होतं. एक खेप म्हणजे काहीच नाही, माझ्या वहीतली अमक्याची गाय पाचव्या खेपेला राहिली, डॉक्टरीण बाईंना पुन्हा भेटू, वगैरे.

"तोंड नका पाडू," तिने आधीच अडवलं. "एकदा बोलले व्हते, एकदा झालं. चवदा दिस दोन पोरं व्हती मला. गावात कोनाला खरं नाय वाटत. तुमी तरी खरं धरा." आणि गिऱ्हाइकाकडे वळून, "घेतोस का नाय रं? का नुसतीच चाचपतोस?"

मी घरी आलो तो संतापलेला. कुणावर, ते कळत नव्हतं. स्वतःवर रागवायची मला सवय नाही. मालती तांदूळ निवडत बसली होती, म्हणजे हाताशी होती. मी चपला कोपऱ्यात भिरकावल्या, म्हणालो, त्या बाईचं मन मोडलं, अंगावर पन्नास सुया झाल्या, गावात शोभा झाली, वहीत सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं, ते वाचूनही ती गेली. कोण वेडं जाईल? मी म्हसा रस्त्याला गेलो होतो तेव्हा तुम्ही दोघी बोललात. काय सांगितलंस तू तिला त्या दिवशी?

मालतीने तांदळातला खडा वेगळा काढला.

"एकदा जाऊन ये म्हटलं. मला कुणी म्हणालं नव्हतं."